एका शाईचे चार ठसे

मंगळवार, ६ एप्रिल १९९९. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. दौंड स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या खोलीत मला जांभळ्या शाईच्या पॅडवर एकदा टेकवले आणि चार कागदांवर ओळीने चारदा उमटवले. पहिला ठसा गडद उठला, दुसरा बरा, तिसरा फिकट. चौथा वाचायला डोळे बारीक करावे लागले असते. मध्ये पुन्हा शाई लावण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. कागदांचे बाकीचे रकाने कोरे होते. खाली सही मात्र आधीच झालेली होती. या सगळ्याला अर्धे मिनिटही लागले नाही.

मित्रांनो, मी रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, तिच्यावरचा लाल रंग आता जागोजागी उडालेला, आणि तळाला एकच शब्द: निरंक. म्हणजे, कळवण्यासारखे काही नाही. आयुष्यभर मी एवढा एकच शब्द बोललो. तो बहुतेक वेळा खरा होता. जेव्हा खोटा ठरला, तेव्हाची हकिगत तुम्हाला सांगायची आहे. ती सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म १९९१ सालचा, दौंडचाच. मच्छिंद्र नावाच्या कारागिराने शिशाची अक्षरे उलटी जुळवली, त्यांचा साचा घेतला, साच्यावर कच्चे रबर ठेवून गरम दाबात दाबले. मग कडा कापून मला मुठीला चिकटवले. पहिला ठसा त्याने आपल्याच तळहातावर घेतला आणि गिऱ्हाइकाला दाखवला. "बघा साहेब, काहीच न्हाई एवढं लिवायला बी शिक्का लागतोय म्हंजी तुमचा धंदा लई भारी हाय."

ते गिऱ्हाईक म्हणजे आनंदराव. ते विक्रीकर सल्लागार. त्यांचे ऑफिस शिरूरला, आणि दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते दौंडच्या खोलीत बसत. त्यांच्या रेक्झिनच्या बॅगेत बसून मी एसटीने हा प्रवास कितीदा केला याची मोजदाद नाही.

काम सोपे होते. ज्या दुकानदाराने किंवा कारखानदाराने विक्रीकराचा नंबर घेतला, त्याने दर तीन महिन्यांनी आपली विक्री एका विवरणपत्रात लिहून सरकारला कळवायची. कर भरायचा नसला तरी कळवायचे. धंदाच झाला नसेल तर तसे कळवायचे. तिथे माझी गरज लागे. हौसरावांची वीटभट्टी पावसाळ्यात बंद असायची. त्यांच्या जुलै ते सप्टेंबरच्या कागदावर मी उमटलो की ते म्हणत, "आनंदराव, तुमचं हे बेणं लई सोयीचं हाय. मला धा ओळी लिवाव्या लागल्या असत्या." ते ऐकून मला बरे वाटे. भट्टी खरोखरच बंद होती आणि मी खरे बोललो होतो.

पुढे या सोयीची सवय झाली. खेड्यातल्या माणसाला सहीसाठी वर्षातून चार हेलपाटे नकोत, म्हणून आनंदराव एप्रिलमध्येच चारही तिमाहींच्या कोऱ्या कागदांवर सह्या घेऊ लागले. ज्याचा धंदा फारसा चालत नाही त्याच्या चारही कागदांवर मलाही तेव्हाच उमटवून ठेवत. पुढचे बारा महिने अजून उजाडायचे होते आणि त्यात काहीही घडणार नाही हे मी आधीच सांगून मोकळा होत असे. कुणाला त्यात वावगे वाटले नाही. मलाही नाही.

त्या ६ एप्रिलच्या चार कागदांवरची सही भिमाजीची होती.

भिमाजी दौंडचा. वडील रेल्वेत गँगमन होते. त्याने आयटीआय केले, काही वर्षे कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत नोकरी केली आणि मग दौंडला स्वतःची भट्टी आणि घण टाकून शेड उभी केली. पाटीवर मुलीचे नाव: अपेक्षा इंजिनिअरिंग वर्क्स. आमच्या खोलीत तो पहिल्यांदा आला तेव्हा बाकावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारले होते, "लोहारकाम तुमच्यात कुणी केलंय का कवा? कुणी शिकवलं तुला?"

"सरकारनं," भिमाजी म्हणाला. "दोन वर्सं. सर्टिफिकेट बी हाय, दाखवू का?"

आनंदरावांची सहायक सीमाताई तेव्हा खाली मान घालून हसल्या होत्या.

भिमाजीला ऊसतोडीचे कोयते करायचे होते. साखर कारखाना हंगामाआधी तोडणीच्या टोळ्यांसाठी कोयते घेतो, पण नंबर नसलेल्या माणसाकडून नाही. म्हणून त्याने नंबर घेतला. त्याच्या घराण्यात असा नंबर कुणाच्या नावावर नव्हता. पहिले वर्ष कोरडे गेले. दुसऱ्या वर्षी, १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये, नदीपलीकडच्या एका कारखान्याला त्याने सहाशे कोयते दिले.

मंगळवार, ७ डिसेंबर. भिमाजी दौंडच्या खोलीत आला. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता. सोबत त्याची बायको ताईबाई.

"साहेब, हे बिल. आन् ह्यो तुमच्यासाठी," तो म्हणाला. "सहाशे एकावा हाय. त्यो काय बिलात न्हाई."

"मला ऊस तोडायला लावतो का काय?" आनंदराव हसले.

"नारळ फोडा दसऱ्याला," ताईबाई म्हणाल्या. "धार बघा पन. तीन महिनं घरात झोप न्हाई, नुसतं ठाण्‌ ठाण्‌."

आनंदरावांनी बिल पाहिले. हाताने वापरायच्या शेतीच्या अवजारांवर तेव्हा कर नव्हता. "यावर कर नाही," ते म्हणाले. "भरायचं काही नाही. निर्धास्त जा."

भिमाजी निर्धास्त गेला. तो गेल्यावर सीमाताईंनी त्याची फाईल उघडली. ऑक्टोबर ते डिसेंबरचा कागद तयारच होता, माझ्या तिसऱ्या, फिकट ठशासह.

"सर, कर नाही, पण विक्री आहे. विक्रीच्या रकान्यात आकडा लिहावा लागेल. नवा फॉर्म घेऊ का?"

"नव्या फॉर्मवर सही कुठाय?"

"आत्ताच गेलेत. हाक मारते."

"राहू द्या हो. कर निरंक म्हणजे निरंकच. सरकारचं एका पैशाचं नुकसान नाही. कोण बघतंय?"

सीमाताई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या परत आल्या. बिल त्यांनी कागदामागे टाचले, आणि जानेवारीत कागद पाठवताना टाचणी काढून बिल फाईलमध्येच ठेवले. मी टेबलावर होतो. मी हे पाहिले. माणसाला बोलता येते आणि मला येत नाही, असे म्हणून मी सुटू शकतो. पण त्या कागदावर बोललो होतो तो मीच.

पुढच्या वर्षी कारखान्याने पुन्हा टेंडर काढले. या वेळी अडीच हजार कोयते. अटी दोन: आधी माल पुरवल्याचा दाखला आणि गेल्या वर्षीच्या विवरणपत्रांच्या प्रती. दाखला भिमाजीकडे होता. प्रतींसाठी तो शेवटच्या दिवशी धावत शिरूरला आला. सीमाताईंनी चारही प्रतींच्या झेरॉक्स काढल्या, टाचल्या आणि पाकिटात घालून दिल्या. त्यांचा हात क्षणभर पाकिटावर राहिला. भिमाजीला एसटी गाठायची होती.

सोमवारी, २१ ऑगस्ट २००० रोजी टेंडर उघडले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास भिमाजी शिरूरच्या ऑफिसात उभा होता. तो बसला नाही.

"साहेब, काल धा मान्सांत माझं पाकीट फोडलं. दाखल्यात लिवलंय सहाशे कोयतं दिलं. तुमच्या कागदावर लिवलंय कायच न्हाई. तिथला साहेब म्हनला, दोन्हीतला एक कागद खोटा हाय, कुठला ते तुमीच सांगा."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? मागनं एक जन बोलला, नवीन नवीन लोकं आल्यात धंद्यात, असंच चालायचं. मी उठून भाईर आलो."

आनंदरावांनी फाईल मागवली, पाहिली आणि मिटली. "खाली सही तुमची आहे, भिमाजी."

"सही माझी हाय. मी सही केली तवा कागद कोरा हुता."

"कोऱ्यावर सही करायचीच नाही मग."

"तुमीच म्हनला हुता, हेलपाटा वाचंल."

भिमाजीने टेबलावरून मला उचलले, उलटे केले आणि माझ्यावरचा शब्द वाचला. शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात. त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने मला होतो तिथे, होतो तसे ठेवले.

"मला दुसरं काय नको," तो म्हणाला. "एक पत्र द्या. की हे आमच्या ऑफिसातनं झालं, भिमाजीनं खोटं लिवलेलं न्हाई. तेवढं असलं की फुडच्या साली मला पाकीट टाकता येईल. न्हाईतर त्यांच्या वहीत माझ्या नावाफुडं 'खोटे कागद' एवढंच ऱ्हाईल."

"असं पत्र दिलं तर माझ्या चाळीस पार्ट्यांच्या फायली उघडतील."

"त्यांच्या बी कागदावर आसंच हाय?"

आनंदराव उठले आणि फाईल कपाटात ठेवू लागले. भिमाजी गेला. कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता होता. तो कुणी कधी उघडलाच नव्हता. दसरा दीड महिन्यावर आला होता.

त्यानंतर एक वर्ष गेले. मला पूर्वीसारखेच वापरले जात होते, पण सीमाताई आता मला उचलताना कागदाकडे बघत आणि पुष्कळदा खाली ठेवून पेन घेत. हौसरावांनी एकदा विचारले, "ताई, शिक्का मोडला का काय?" त्या म्हणाल्या, "नाही. भट्टी खरंच बंद होती ना, एवढं विचारायचं होतं." हौसराव म्हणाले, "व्हय की. पान्यात इटा भाजतोय का मी?" सीमाताईंना हसू आले नाही.

सोमवार, २ जुलै २००१. आनंदराव पुण्याला गेले होते. सीमाताईंनी एकाच मजकुराची दोन पत्रे लिहिली, कारखान्याच्या खरेदी समितीला एक आणि विक्रीकर कार्यालयाला एक. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, हुद्दा आणि काय झाले ते तारखांसह लिहिले. एक वाक्य असे होते: "चारही विवरणपत्रे चार वेगवेगळ्या तारखांना दाखल झाली आहेत, परंतु त्यांवरचे शिक्के एकाच वेळी, एकदाच शाई लावून मारलेले आहेत, पहिला गडद असून चौथा अत्यंत फिका आहे, हे मूळ कागद शेजारी ठेवून पाहिल्यास दिसेल." मग प्रत्येक पत्रासाठी त्यांनी मला पॅडवर एकदा टेकवले आणि त्याच्या तळाशी ओळीने चारदा उमटवले. गडद, बरा, फिकट, अगदी पुसट. खाली लिहिले: "हाच तो शिक्का." बिलाची प्रत जोडली आणि दोन्ही पत्रे पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने टाकली. पोचपावतीच्या कार्डावर पत्ता ऑफिसचाच घातला, लपवला नाही.

संध्याकाळी आनंदराव परत आले तेव्हा त्यांनी पत्राची स्थळप्रत पुढे ठेवली. "सर, हे मी पाठवलं आहे."

आनंदरावांनी दोनदा वाचले. "नोकरीचा विचार केला होता का?"

"केला होता. डिसेंबरात दारातून परत आले, त्याचाही केला."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने तुम्हाला काय सांगावे? एवढेच मागतो. मोठे व्हाल, कुठे ना कुठे सही कराल. कोऱ्या कागदावर ती करू नका. आणि माझ्यासारखा एखादा शिक्का हाती आला, तर तो उचलण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, खरंच काही केलं नाहीस का? तीन महिने कुणाच्या घरात घण वाजत असेल. मला ते ऐकू आले नव्हते. ताईबाईंनी सांगितले होते, तरीही.

त्या संध्याकाळपासून मी आनंदरावांच्या खणात आहे. कुलूप आहे. सीमाताईंना त्यांनी कामावरून काढलेले नाही. त्यांच्याशी ते बोलतही नाहीत. ९ जुलैला विक्रीकर कार्यालयाची पोचपावती आली. आनंदरावांनी ती उलटसुलट पाहिली आणि खणात माझ्या शेजारी टाकली. तिच्यावर निळ्या शाईची सही आणि गोल शिक्का आहे.

आज २३ जुलै. कारखान्याच्या टेंडरची शेवटची तारीख १० ऑगस्ट आहे. दुसरी पोचपावती अजून आलेली नाही.