कुठला लाल

उस्तादांच्या हातून बाहेर पडलेल्या गाडीला कधी काही झालं होतं, हे पुढेपुढे तिच्या मालकालाही आठवत नसे. दरवाजा चेपलेला असो, बॉनेट दुमडलेलं असो, डेंटरनं ठोकून सरळ केलं की उस्ताद त्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायचे, पॉलिश पेपरनं घासायचे आणि रंगाचा असा हात मारायचे की जुना पत्रा कुठे संपला आणि त्यांची करामत कुठे सुरू झाली, ते खुद्द त्यांनाही दाखवता आलं नसतं. रंग जुळवायला त्यांना कंपनीचं कार्ड लागत नसे. गाडीकडे डोळे बारीक करून बघायचे, डब्यात चमचाभर काळा नि थेंबभर पिवळा टाकायचे, की काम फत्ते. गॅरेजमधली माणसं त्यांना उस्ताद म्हणायची ती काही थट्टेनं नाही.

गॅरेज सुटलं, पण खोड सुटली नाही. घरात कुठे टवका उडालेला दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. बायको होती तोवर तिचा धाक होता. हे घर आहे, गाडी नाही, असं ती बजावायची आणि टवका तसाच राहायचा. मागल्या वर्षी ती गेली नि धाकही गेला. महिनाभरात उस्तादांनी तिचं कपाट रिकामं केलं. कपडे, चपला, चष्मे, आरशापुढच्या डब्या-बाटल्या, सगळं देऊन टाकलं, नाही तर टाकून दिलं. मग भिंती खरवडून खोलीला नवा रंग दिला. त्यात वाईट हेतू काही नव्हता. घाव पडला की त्याची खूण बुजवायची, एवढंच या माणसाला येत होतं. पण मुलगी आली, त्या रिकाम्या कपाटापुढे बराच वेळ उभी राहिली, आणि मला विचारायला एक फोन तरी करायचात, एवढंच म्हणाली. त्यानंतर ती फिरकली नाही. लांबच्या शहरातून रविवारी फोन करायची. जेवलात का, गुडघा कसा आहे, ठेवते.

या फोनची उस्ताद सकाळपासून वाट बघायचे आणि तो आला की त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. ठेवल्यावर मात्र सांगायच्या गोष्टी रांगेनं आठवायच्या. मग त्या ते नळाला, शेगडीला, दाराच्या कडीला सांगत बसायचे. माणूस पार एकटा पडला होता आणि ते कबूल करायला त्याच्यापाशी कुणी नव्हतं.

अशाच एका रविवारी मुलगी म्हणाली की येत्या शनिवारी येते, सकाळी पोचते आणि संध्याकाळच्या बसनं निघते. मग जरा थांबून तिनं विचारलं, आईचं काही राहिलंय का हो घरात. उस्तादांनी खरं ते सांगितलं, की काही नाही. तरी येते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पोरगी येणार, रिकाम्या हातानं परत जाणार, आणि मग कशाला येईल पुन्हा? तिला द्यायला काहीतरी हवं होतं. असं काही, की ते बघून ती म्हणेल, बाबा, आज राहते. त्यांनी माळा उपसायला घेतला. जुन्या पंख्यामागे, दोरीनं बांधलेला एक खोका हाताला लागला. वर चित्र होतं, आत गाडी होती.

ती हॉट रॉड होती. म्हणजे आजोबांच्या जमान्यातली मोटार घ्यायची, तिचं बॉनेट काढून इंजिन उघडं टाकायचं, मागे जाडजूड चाकं लावायची, छत कापून खाली बसवायचं, आणि म्हाताऱ्या गाडीला उनाड करून सोडायचं, त्यातला प्रकार. ही अर्थात प्लॅस्टिकची, सुट्या भागांची, वीतभर लांबीची. एका खूश झालेल्या गिऱ्हाइकानं ती उस्तादांच्या मुलीसाठी दिली होती. मुलगी तेव्हा शाळेत होती. मायलेकींनी सुट्टीभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती जोडली, रंगवली आणि संध्याकाळी उस्ताद घरी आल्यावर त्यांच्यापुढे धरली. उस्तादांनी ती उजेडात फिरवून बघितली. उजवा दरवाजा वर चढलाय, म्हणाले, छत वाकडं आहे, रंगाला ओघळ आलेत. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी करून देतो नीट, असंही उस्ताद म्हणाले होते, पण आपल्या लेकीच्या गाडीचा नंबर लोकांच्या गाड्यांमागे लागला आणि तो कधी आलाच नाही.

आता आला. उस्तादांना एकदम हुरूप चढला. इतक्या वर्षांनी का होईना, दिलेला शब्द पाळायचा होता.

खिडकीपाशी टेबल ओढून ते कामाला लागले. आधी तो लाल रंग काढायचा. कसला रंग होता कोण जाणे. ना गाडीचा, ना खेळण्याचा. जाड थर, त्यात बारीक चमकी, वर ब्रशाचे दोन केस अडकलेले. असला रंग आपल्या उभ्या जन्मात बघितला नाही, असं म्हणत त्यांनी नाक मुरडलं. गाडी ब्रेक ऑइलमध्ये भिजत ठेवली, टूथब्रशनं घासली. वरवरचा रंग गेला, पण खालचा थर प्लॅस्टिकला असा चिकटून बसला होता की सुटता सुटेना. उस्तादही हट्टाला पेटले. कोरडा पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून त्यांनी तो कणाकणानं उतरवला. छताच्या कडेला गोंदात उमटलेला एक इवलासा अंगठा होता, तोही त्याबरोबर गेला. लाल भुकटीनं कागद भरला, बोटं भरली, नखं भरली. वापरलेला कागद त्यांनी नेहमीसारखा चिमट्यात अडकवून खिळ्याला टांगला. झिजलेला कागद ते कधी फेकत नसत. शेवटचा मऊ हात त्यानंच फिरतो, हे त्यांनी बायकोला शंभरदा सांगितलं होतं आणि तिनं शंभरदा तो कचऱ्यात टाकला होता.

मग खरी मजा सुरू झाली. पातळ करवतीनं त्यांनी छताचे खांब कापले, आखूड केले आणि छत असं खाली बसवलं की गाडी जमिनीला चिकटून दबा धरल्यासारखी दिसायला लागली. वर चढलेला दरवाजा सोडवला, फटी लांबीनं बुजवल्या आणि दरवाजाची रेघ सुईच्या टोकानं नव्यानं कोरली. पुढची चाकं फेंगडी होती, त्यांना सायकलच्या स्पोकचा नवा आस घातला. पेनच्या रिकाम्या रिफिली वाकवून इंजिनाच्या बाजूंनी धुराड्याच्या नळ्या काढल्या. जुन्या रेडिओतली केसासारखी तार सोलून इंजिनाच्या एकेका प्लगला जोडली. ती जोडताना भिंग धरायला दुसरं माणूस हवं होतं. उस्तादांनी सवयीनं, जरा इकडे ये गं, अशी हाक मारली आणि मग भिंग दातात धरून काम उरकलं.

रंग निळा दिला. मुलीची मागल्या खेपेची बॅग निळी होती, तेव्हा तिला निळा आवडत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. एकावर एक पातळ हात, मग पारदर्शक लॅकर, मग पॉलिश. सगळा आठवडा त्यांचं मनातल्या मनात मुलीशी बोलणं चाललं होतं. हे बघ, इथे असं केलं. इथे तुझी काही चूक नव्हती, प्लॅस्टिकच वाकडं होतं. असं ते तिला तेव्हा म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण तेव्हा कुठलं सुचायला. शुक्रवारी गाडी तयार झाली तेव्हा खिडकीची चौकट तिच्या छतात आरशासारखी दिसत होती.

शनिवारी सकाळी उठून उस्तादांनी दाढी केली आणि साबण लावून, ब्रश मारून नखं लख्ख केली. जन्मभर रंगात बरबटलेली नखं, लेकीला स्वच्छ दिसायला हवी होती.

मुलगी आली. कानांजवळ चार केस पांढरे झालेले, चेहरा प्रवासानं आंबलेला. दोघांनी चहा घेतला. दोघंही गुडघ्याविषयी बोलले, रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी बोलले, आणि ते विषय संपल्यावर कपांशी चाळा करत बसले. शेवटी उस्तादांना राहवेना. टेबलावर नॅपकिननं झाकून ठेवलेली गाडी त्यांनी उघडी केली.

मुलीचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी उस्ताद तो तसा बघत होते. तिनं गाडी दोन्ही हातांत घेतली, चाकं फिरवून बघितली, इंजिनातली ती तार बघून तर ती चक्क हसली.

"केवढी सुंदर आहे," ती म्हणाली. "कुठून आणलीत?"

गाडी मालकाला ओळखू येऊ नये, ही त्यांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी शाबासकी. उस्तादांची छाती फुगली.

"ओळखली नाहीस? तुझीच आहे. माळ्यावरची. म्हटलं होतं ना, नीट करून देतो."

तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण त्याच्यामागचं काहीतरी निघून गेलं. तिनं गाडी हलकेच टेबलावर ठेवली. लाल रंगाचं काय केलंत, असं तिनं विचारलं. उस्ताद अजून भरातच होते. काढला, म्हणाले, पार मुळापासून. भलता चिवट रंग होता, दोन दिवस खाल्ले त्यानं, पण आता शोधून दाखव एक ठिपका.

"ती आईची नेलपॉलिश होती, बाबा."

मग मुलीनं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. गाडी रंगवायला घरात रंग नव्हता, तेव्हा आईनं आरशापुढची तिची बाटली आणून दिली होती. आई गाडी धरायची, ही रंगवायची. बाटली संपली, दुसरी आणली, तीही संपली. बाबांना सांगू नको हं, हसतील, असं आईच म्हणाली होती. आज मुलगी आली होती ती त्या गाडीसाठीच. घरात आईचं बाकी काही उरलं नाही, पण माळ्यापर्यंत बाबांचा हात पोचला नसेल, असं तिला वाटलं होतं.

"फोनवर गाडीचं नाव काढलं नाही मी," ती म्हणाली. "म्हटलं, सांगितलं तर तुम्ही ती पुसून-बिसून ठेवाल."

उस्तादांना कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. आणि मग, दुसरं काही येत नव्हतं म्हणून, जे येत होतं तेच त्यांनी पुढे केलं.

"मी परत तसाच करतो. अगदी तोच लाल. निळ्यावर मारला तरी कळायचं नाही, डिट्टो जुळवतो."

"कुठला लाल होता?" मुलीनं विचारलं.

तिनं टोचून विचारलं नव्हतं, तिला खरंच कळायला हवं होतं. उस्तादांनी सवयीनं डोळे बारीक केले. एकेक लाल त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. डॉक्टरांच्या गाडीचा विटकरीकडे झुकणारा, अग्निशमन दलाच्या बंबाचा झणझणीत, शाळेच्या प्रिन्सिपलबाईंच्या स्कूटरचा, उन्हानं गुलाबी पडलेला. तीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांचे रंग त्यांनी तिथल्या तिथे मिसळून दिले असते. बायकोचा हात मात्र दिसेना. रोज ताट पुढे करणारा, पाठीला मलम चोळणारा, कचऱ्यात टाकलेला कागद कुरकुरत परत काढून देणारा हात. त्याच्या नखांवर काय होतं, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आठवडाभर तोच रंग बोटांना लागून होता, तरी ओळखला नव्हता.

"लाल होता," ते म्हणाले.

मुलीची नजर खिडकीजवळच्या खिळ्याकडे गेली. चिमट्यात झिजलेले कागद टांगलेले होते, काही करडे, काही निळसर, आणि सगळ्यांत मागे एक लाल. तिनं उठून तो अलगद सोडवला, उजेडात धरला. भुकटीतली बारीक चमकी त्यावर अजून दिसत होती. बोटानं ती पुसली जाईल म्हणून तिनं कागद फक्त कडांना धरला होता.

"हा नेऊ?"

उस्तादांनी मान हलवली. तिनं लाल बाजू आत घालून कागदाची घडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

ती संध्याकाळपर्यंत थांबली, ठरल्याप्रमाणे. स्वयंपाक केला, डबे घासून ठेवले, गुडघ्याची गोळी वेळेवर घ्यायला सांगितली. निघताना उस्तादांनी नॅपकिनमध्ये गुंडाळून गाडी तिच्यापुढे धरली. राहू दे तुमच्याकडेच, ती म्हणाली, छान झालीय. पुन्हा कधी येशील, हे विचारायचं त्यांनी दिवसभर ठरवलं होतं. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर त्यांनी ते विचारलं.

मग ते खिडकीपाशी येऊन बसले. बाहेर अजून थोडा उजेड होता. त्यांनी दोन्ही हात काचेजवळ नेले, बोटं पसरली आणि एकेक नख वळवून बघितलं, कडेला, कातडीच्या आत, अगदी कोपऱ्यात. सकाळी फार मन लावून घासली होती. कुठेही काही राहिलं नव्हतं.