टिलरीचा ठिपका

आमच्या जॅक्सनच्या कचेरीतून दर काही वर्षांनी मिसिसिपी राज्याच्या माहितीचं जाडजूड पुस्तक निघतं. कापूस किती, कोंबड्या किती, सर्वांत उंच जागा कोणती. ती उंच जागा म्हणजे एक टेकडी आहे, पण आम्ही तिला बिनदिक्कत पर्वत म्हणतो. पुस्तकाचा एक नियम मात्र कडक: आत ज्या गावाचं नाव छापलं जाईल, त्याला नकाशात ठिपका मिळतो. नाव गेलं की ठिपकाही गेला.

यंदा टिलरीचं नाव जाणार होतं, कारण दहापेक्षा कमी वस्तीचं गाव आम्ही गाळतो. खात्री करून यायला साहेबांनी मला धाडलं. डेल्टातल्या, म्हणजे नदीकाठच्या सपाट शेतमुलखातल्या, उन्हात जायला दुसरं कोणी राजी नव्हतं.

टिलरीत सोयाबीनच्या शेतांमध्ये एक चर्च, एक कबरस्तान आणि मिस व्हर्लीन गॅटलिन या म्हाताऱ्या बाईंचं घर. त्यांनी गोड गार चहा दिला. मी विचारलं, माणसं किती? त्या म्हणाल्या, तीनशेच्या आसपास, लोरेटाला परवा जुळं झालं ते धरून. मी लिहून घेतलं. डेल्टात माणसं विचारली की जो तो गोत मोजतो. माझी आजी तिथलीच, चहा पिताना मी तसं सांगितलंही होतं; त्यामुळे मला काही खटकलं नाही.

साहेबांना खटकलं. प्रुइटसाहेब ओहायोचे, म्हणजे पार उत्तरेकडचे. एका छपराखाली तीनशे माणसं कशी मावतात, असं विचारून त्यांनी मला परत पाठवलं.

या वेळी मी सरळ विचारलं, रात्री इथे झोपतं कोण? मिस व्हर्लीन शेंगा सोलायच्या थांबल्या.

"राहायला शिकागोत आहेत, बाळा. काही डेट्रॉइटला. पण आहेत टिलरीचेच. ऑगस्टात सगळे चर्चमध्ये जेवायला येतात, तेव्हा येऊन मोज."

"साहेबांना कायम राहणारे हवेत, मिस व्हर्लीन."

"मग एक लिही." शेंगा पुन्हा सोलायला घेत म्हणाल्या, "तिकडे वाढलेली पोरं नकाशा बघून येतात. ठिपका नसला तर म्हणतील, म्हातारीनं गाव मनानंच रचलं."

निघताना त्यांनी पाठीमागून सांगितलं, "तीनशेत तुलाही धरलंय हो."

मी एक लिहिलं आणि नाव गळालं. वाईट वाटलं, पण नियम नियम असतो.

छपाईआधी पहिल्या पानाचा कागद टेबलावर आला. पुस्तक करणाऱ्यांची नावं आणि प्रत्येकापुढे त्याचं गाव. सगळ्यांनी जॅक्सन लिहिलं होतं. मी टिलरी लिहिलं. नकाशावाल्यांनी नियमाप्रमाणे निमूटपणे ठिपका दिला.

पुस्तक हातात आल्यावर साहेबांनी मला बोलावलं. पहिल्या पानावर त्यांचं बोट होतं.

"क्लिऑन, तू तर जॅक्सनचा ना?"

"राहतो जॅक्सनला," मी म्हटलं.