माझ्या लुगड्यातली राणी

म्हैसुरात मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही. मी ‘राणीची बायको’. ऐकायला कसं वाटतं बघा. पंधरा वर्षं ऐकतेय, अजून अंगाचा तिळपापड होतो.

झालं असं. बोलपट यायच्या आधी एक कंपनी इथं लढाईचा सिनेमा काढायला आली. चामुंडीच्या पायथ्याला लाकडी किल्ला उभारला, घोडे आणले, तीनशे शिपाई उभे केले. आमच्या यांचं, म्हणजे नरहरी शिंप्यांचं, दुकान देवराज मोहल्ल्यात. कंपनीचे अंगरखे यांनीच शिवले. तेव्हा चांगल्या घरच्या बायका सिनेमात उतरत नसत. राणीचं काम करणारा पुरुष ऐन वेळी तापानं आडवा झाला आणि कंपनीच्या साहेबांची नजर यांच्यावर पडली. गोरे, सडपातळ, मिशीही नुकतीच काढलेली. माझ्या लग्नातलं हिरवं जरीकाठी लुगडं नेलं. ते नेसायचं कसं, चालायचं कसं, हे परसात तीन दिवस मी शिकवलं.

सिनेमा लागला आणि गावाला वेड लागलं. लढाईला निघताना राणी किल्ल्याच्या पायरीवर थांबते आणि मागं वळून बघते, जो तो तेवढंच बोलायचा. दर दसऱ्याला दहाही दिवस सिनेमाच्या तंबूत तोच खेळ. बोलपट आले, गाणी आली, तरी लोक त्या मुक्या राणीला हात जोडायला यायचे. फोटो काढायला गेलेल्या मुली पायरीवर उभ्या राहून तसंच वळून बघायच्या. फुलवाली यांच्याकडून पैसे घेत नसे. "बेडा, राणीअम्मा, नको," म्हणायची. आणि मी एकदा सणाला तेच लुगडं नेसले तर शेजारची शांताक्का म्हणते, "अय्यो नर्मदा, राग मानू नकोस हं, पण हे त्यांनाच शोभून दिसलं." असल्या तोंडाळ बाईला काय म्हणावं. लुगडं मी त्याच दिवशी पेटीच्या तळाशी टाकलं.

तो सिनेमा मी बघितला नाही. एकदाही नाही. लुगडं माझं, चाल माझी, आणि मिरवणार दुसरी, कशाला बघू? हे मात्र दर दसऱ्याला जायचे, रोज, एकटेच. मी म्हणायची, "स्वतःचंच रूप बघून पोट भरत नाही का? ते सगळं माझं आहे. मी शिकवलंय." ते हसायचे आणि टोपी घालून निघायचे.

यंदा तंबूवाल्यानं सांगितलं, रीळ झिजलंय, सारखं तुटतंय, हा शेवटचा दसरा. ते ऐकून सासूबाई हट्टाला पेटल्या. मुलानं लुगडं नेसलं याची लाज वाटून त्यांनीही कधी बघितला नव्हता. "डोळे मिटायच्या आधी एकदा बघते," म्हणाल्या. त्यांना धरून न्यायला कुणीतरी हवं, म्हणून मी गेले. हे पुढं पुरुषांत बसले, आम्ही दोघी बायकांच्या बाजूला.

राणी आली. लुगडं माझंच होतं. पण चाल माझी नव्हती. मी शिकवलं होतं, पावलं लहान टाका, नजर खाली ठेवा. ही बाई एक खांदा जरा उतरता ठेवून, ढांगा टाकत आली. पायरीवर थांबली, मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळावरचे केस सारले आणि वळून बघितलं. मला कळेना, हे यांना कुणी शिकवलं.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "सरसू गं," म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

सरस्वती म्हणजे यांची पहिली बायको. प्लेगात गेली, विशीतच. मी दुसरेपणावर आले, म्हणून लग्नातच सवतीचा टाक, तिच्या नावानं घडवलेला चांदीचा मुखवटा, माझ्या गळ्यात बांधला. रोज हळदकुंकू आधी त्याला, मग मला. त्या टाकाला ना धड नाक ना डोळे. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही. तिचा फोटोसुद्धा घरात नव्हता. आणि ती इथं, माझं लुगडं नेसून, अख्ख्या गावासमोर पंधरा वर्षं चालत होती. हे रोज स्वतःला बघायला जात नव्हते.

घरी आल्यावर मी विचारलं, "मी शिकवलेलं कुठं गेलं?"

"कॅमेऱ्यापुढं उभा राहिलो आणि पाय तिचे पडले," ते म्हणाले. "मुद्दाम नाही केलं."

"माझं काहीच नाही आलं?"

त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "तू समोर आहेस की गं. तुझी नक्कल कशाला करू?"

उत्तर बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं. जिवंत सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या उपटता येतात. हिचं मी काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी शेवटचा खेळ. दिवेलागणीला हे टोपी हातात घेऊन दाराशी थांबले. आजवर कधी विचारलं नव्हतं, पण म्हणाले, "जाऊ?"

मी नको म्हटलं असतं तर ते गेले नसते. त्यांच्या तोंडावरच ते दिसत होतं. आणि नको म्हणायला माझी जीभ वळवळत होती.

"जावा," मी म्हटलं. "मध्ये उठू नका."

ते गेले. खेळ दोन तासांचा. मी दोन तास दाराकडे तोंड करून बसले. आता ती पायरीवर आली असेल, आता केस सारत असेल, आता वळून बघत असेल, आणि हे तिच्याकडे.