इर्मगार्डचा हंडा

मी इर्मगार्डचा तांब्याचा हंडा बोलतोय. ऱ्हाईनकाठच्या आमच्या श्पायर गावात लग्नाला नि बारशाला जी बियर आवर्जून नेत, ती माझ्या पोटात उकळलेली असायची. आहेच मला त्याचा अभिमान!

एका वर्षी नदीचं पाणी कोठारात शिरलं नि बियरसाठी साठवलेला सगळा सातू कुजला. तेव्हा विधवा इर्मगार्डने मला ढकलगाडीवर घालून बेलाच्या दारी नेलं. बेला ज्यूंच्या आळीतली, तीही विधवा. वस्तू गहाण ठेवून व्याजाने पैसे द्यायची. तिने मला वाजवून पाहिलं.

"दोन मार्क देते. हंडा इथे राहील."

"काकू, मग बियर काय टोपीत उकळू?"

बेला खळखळून हसली. "बरं, ने परत. माळ्यावर बसून तो मला काय मिळवून देणार? पण गहाण माझंच हं."

कागद नाही, साक्षीदार नाही. मी गहाण पडलो, तेही आपल्याच चुलीवर!

पुढच्या वसंतात गावात ज्यूंविषयी कसलीशी अफवा उठली. जमावाने ज्यूंची आळी लुटली. बेला सुनेला घेऊन नावेतून कशीबशी निसटली. ज्यूंचं देणं आता बुडालं, अशी गावभर बोंब झाली.

"सुटलीस, वहिनी!" इर्मगार्डचा दीर गेरलाख म्हणाला. "हंडा तुझा झाला."

तिने माझ्याखाली आणखी एक लाकूड सारलं. खरं सांगतो, मला धाकधूक वाटली.

वर्षाने बेला परतली. घरात नुसत्या भिंती उरलेल्या. इर्मगार्डला कळलं तेव्हा तिने चूल विझवली, मला गाडीवर चढवलं आणि भर बाजारातून निघाली.

"डोकं फिरलं का गं? देणं बुडालंय!" कोणीतरी ओरडलं.

"तुमच्या लेखी!" तिने मान वळवली नाही.

बेला दारातच थबकली. "वेडे, मी मागितला नसता."

"म्हणूनच आणला, काकू."

बेला माझ्या काठावर डोकं टेकून रडली. मग बाहीने डोळे पुसून खेकसली, "उभी काय? चूल थंड पडतेय, जा घेऊन!"

सुगीला इर्मगार्डने मुद्दल फेडलं, व्याजही फेडलं. वर एक पिंप बियर पाठवली.

आता दोघी नाहीत. माझा तळ झिजलाय. पुढच्या आठवड्यात तांबट मला वितळवणार. खुशाल वितळवा. फक्त 'गहाण पडलेला हंडा' म्हणून नाक मुरडू नका. हो, होतो मी गहाण. बेलाकडे होतो, इर्मगार्डच्या शब्दावर.