सारंगाची नळी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. सारं गाव त्याला सारंग म्हणायचं, म्हणून मीही सारंगच म्हणते. आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होता तो. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कायमचा घरी येऊन बसला. हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं घर.

त्याची एक नळी होती. धातूची, दीड वीत लांब, पुढे बाक दिलेली. सारंगाला लघवी अडायची. मूतखडा आहे, असं त्याने सांगितलं आणि मी ऐकलं. एक दिवसाआड ती नळी मी टोपात खळखळून उकळायची, धुतलेल्या फडक्यावर ठेवायची आणि शेजारी खोबरेलाची वाटी. तो आतल्या खोलीत जाऊन कडी लावायचा. बाहेर यायचा तेव्हा तोंडावर रक्ताचा थेंब नसायचा. मी काही विचारलं नाही. बाईने विचारायच्या गोष्टी आणि न विचारायच्या गोष्टी माहेरी शिकवून पाठवतात.

त्याच चुलीवर माझे काढेही उकळले. दाईने पोट चोळलं, विटा तापवून शेक दिला, कडू पूड चारली. दर्ग्याचे दोरे दंडावर कुजले. पोर झालं नाही. मग अम्मा, म्हणजे माझी सासू, तिने तैयबाला सवत म्हणून आणली. तैयबा माझ्याहून पुष्कळ लहान, हाडापेराने मजबूत, गाणं गुणगुणत दळणारी. पाच पावसाळे गेले आणि तिचं गुणगुणणं बंद झालं. तिच्याही दंडावर दोरा आला. काढ्याचा टोप तोच होता, फक्त पिणारी बदलली.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या सालचा पावसाळा. अम्माने ठरवून टाकलं.

"दोन कलमं लावली, दोन्ही वांझ निघाली," ती म्हणाली. "नारळी पुनवेला बंदर उघडलं की तैयबाचा बाप मचवा घेऊन येल. तिचा तलाक करून टाकू. म्हसळ्याची एक पोर माझ्या नजरेत हाय."

"तू म्हणशील तसं," सारंग म्हणाला. आईसमोर तो एवढंच बोलायचा. दर्यावर चाळीस माणसं त्याच्या शिटीवर उठायची म्हणे. मला ते कधी खरं वाटलं नाही.

रात्रीच्या भाकऱ्या थापताना तैयबा मला म्हणाली, "आपा, जायचं मला दुख न्हाय. पण वांझ म्हणून परत गेले तर मला पुन्हा कोण करील? बापाच्या घरात भावजयांची भांडी घाशीत मरायचं."

मी भाकरी उलटली. सवतीशी माझं वैर नव्हतं आणि प्रेमही नव्हतं. पण ती म्हणाली ते खरं होतं. वांझेचा शिक्का कसा असतो ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? बारशाला आम्हांला बोलावणं नसतं.

श्रावण लागायच्या सुमाराला एका दुपारी आवडाबाई धावत आली. आमच्या कुंपणापलीकडच्या रावजीची बायको. रावजी भात लावणारा, म्हातारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला.

"सारंगभाय, आमच्या ह्यांस्नी काल सांजपास्नं लघवी झाली न्हाय," ती म्हणाली. "पोट दगडावानी झालंय. खाडीला पूर हाय, तरीची होडी सुटत न्हाय. डाक्टरकडं माणूस धाडलाय डोंगराकडनं, पण तवर काय करू?"

सारंग भिंतीला धरून उठला. मग मला म्हणाला, "नळी उकळ."

ती नळी घराबाहेर कधी गेली नव्हती. मी उकळली आणि फडक्यात गुंडाळून त्याच्यामागून गेले. रावजीच्या घरात तो एकटाच आत गेला. आम्ही दोघी बाहेर पडवीत बसलो. आतून रावजीचं कण्हणं आलं, मग सारंगाचा आवाज, "श्वास सोड, रावजी. आवळू नको." मग बादलीत धार पडू लागली. मधेच थांबली.

"थांबली," आवडाबाई म्हणाली.

"मीच अंगठा लावलाय," सारंग आतून म्हणाला. "सगळं एकदम सोडलं तर माणूस गार पडतो."

धार पुन्हा सुरू झाली. आवडाबाईने पदराने डोळे पुसले आणि माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनचे डॉक्टर डोंगरवाटेने चालत आले, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी रावजीचं पोट चाचपलं, मागच्या वाटेने बोट घालून तपासलं. म्हातारपणी पिशवीच्या तोंडाशी एक गाठ वाढते, ती लघवीची वाट दाबते, असं त्यांनी आवडाबाईला सांगितलं. बंदर उघडलं की मुंबईला न्यायचं. आधी ओटीपोटाला भोक पाडून लघवी बाहेर काढतील आणि अंगात ताकद आली की मग गाठ. रावजी म्हणाला, विचार करून सांगतो.

"नळी कोणी घातली?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्यापुढे उभ्या सारंगाने मान डोलावली.

"दैव बलवत्तर तुमचं आणि ह्याचंही. जरा हात चुकला असता तर आतून फाटलं असतं. तुमच्याकडे नळी कशी?"

"मूतखडा हाय मला."

"मूतखड्याला अशी नळी लागत नाही. चला, तुम्हांलाही बघतो."

आमच्या घरी आले. मी माजघराच्या दाराआड चहा गाळत होते. चांगली किटली काढली होती, चिनी मातीची, निळ्या फुलांची. सारंगाने मला निकाहात दिलेली. विलायतेत, कार्डिफ बंदराला घेतली होती त्याने. कार्डिफला त्याची बोट एकदाच लागली, आमच्या निकाहाच्या आदल्या साली. हे मला पाठ होतं, कारण सांगण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

दार पुरतं लागत नाही आमचं. सगळं ऐकू येत होतं.

"आडवे व्हा," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हा खडा नाही. आतली वाट जखमा भरून आकसली आहे. तरुणपणी परमा झाला होता ना? बंदरावरच्या बाईकडून?"

खाट करकरली.

"आणि इथे, दोन्ही बाजूंना, बीज वाहून आणणाऱ्या शिरांवर टणक गाठी आहेत. मुलं किती?"

"न्हाईत."

"बायका?"

"दोन."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "रोगाने दोन्ही वाटा बुजवल्या आहेत. लघवीची वाट ह्या नळीने उघडते. बीजाची वाट उघडायला आज तरी आमच्याकडे काही नाही. मुंबईला सूक्ष्मदर्शकाखाली तपासून खात्री करून घ्या, पण मला शंका वाटत नाही. बायकांना बोल लावू नका. हे तुम्हांला आधी कोणी सांगितलं नव्हतं?"

 वळचणीचं पाणी पडत होतं.

"सांगितलं व्हतं," सारंग म्हणाला. "कार्डिफच्या इस्पितळात."

माझ्या हातात किटली होती. मी कप भरला, दुसरा भरला, बशीत सांडलेलं पुसलं. चहा दाराच्या फटीतून पुढे सरकवला. डॉक्टर चहा चांगला झालाय म्हणाले. मला राग यायला हवा होता. मी दाराला टेकून त्याची वाट पाहत राहिले. आला नाही. किटली विसळून पालथी घातली.

डॉक्टर गेल्यावर मी सारंगाला म्हटलं, "मी ऐकलं. आता अम्माला तुम्ही सांगा. तैयबाला घेऊन जायच्या आत सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

भात पोटरीवर आलं. त्याने सांगितलं नाही. रोज सकाळी ओठ हलवायचा आणि चहा मागायचा. नाचता येईना, अंगण वाकडं; ह्याने तर दोन अंगणं वाकडी ठरवली होती आणि तिसऱ्याला माती आणायला माणसं निघाली होती. तरी मी नळी उकळत होते. हात आपोआप करायचे.

नारळी पुनव झाली. तैयबाचा बाप मचवा घेऊन आला. पडवीत चटई टाकली. अम्मा एका बाजूला, तैयबाचा बाप समोर, सारंग खांबाला टेकून. तैयबा गाठोडं घेऊन दाराआड माझ्याजवळ उभी होती.

"आम्ही तुझ्या पोरीला काय कमी केलं न्हाय," अम्मा म्हणाली. "पण खोट तिच्यात हाय. कुणाच्या नशिबाला इलाज न्हाय."

बापाने मान खाली घातली. सारंगाने घातली नाही, तो समुद्राकडे बघत होता. तेवढं मला पुरलं.

सकाळीच उकळलेली नळी मी ताटलीत घेतली, तिच्याखाली फडकं घातलं आणि बाहेर जाऊन तिघांच्या मध्ये ठेवली.

"चहा आणायचा सोडून हे काय?" अम्मा म्हणाली.

"ही नळी," मी म्हटलं. "कार्डिफच्या डॉक्टरने काय सांगितलं होतं ते इसहाकला विचारा."

अम्माचा हात तोंडावर गेला. "नवऱ्याचं नाव घेतेस?"

पहिला सवाल तिने हाच केला. नळीबद्दल नाही, कार्डिफबद्दल नाही.  मी सारंगाकडे बघत राहिले. सारेच बघू लागले.

"खोट माझ्यात हाय," सारंग म्हणाला. "पयल्यापास्नं. मला ठाऊक व्हतं."

तैयबाच्या बापाने हळूहळू मान वर केली. उठला, दाराशी आला आणि लेकीच्या हातातलं गाठोडं स्वतः घेतलं. जाताना तैयबाने दंडावरचा दोरा दातांनी तोडला आणि माझ्या हातात ठेवला.  मचवा खाडीबाहेर पडेपर्यंत मी बंदरावर उभी होते. मग घरी आले आणि तो दोरा चुलीत टाकला.

संध्याकाळी सारंग स्वयंपाकघराच्या दारात आला. "नळी उकळलीस?"

"टोप तिथं आहे," मी म्हटलं. "चूल पेटलेली आहे."

तो आत येऊन चुलीपुढे बसला. त्या दिवसापासून त्याची नळी तोच उकळतो. म्हसळ्याच्या पोरीचं नाव पुन्हा घरात निघालं नाही.

दोन पावसाळ्यांनंतर दिघीच्या मचव्यावरचा एक तांडेल साखरेची पुडी घेऊन आला. तलाकानंतर तैयबाचा दुसरा निकाह झाला होता आणि तिला मुलगा झाला होता. अम्माने पुडीला हात लावला नाही. मी चिमूटभर साखर तोंडात टाकली. गोड लागली. मग मला रडू आलं, निकाहानंतर पहिल्यांदा. चुलीपुढे सारंग बसला होता, त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा टोपाकडे बघू लागला. मी डोळे पुसले आणि चाळिशी उलटलेल्या माझ्या ओटीपोटावर हात ठेवून बसून राहिले. त्यात कधी काही खोट नव्हती.