शेरांचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. तुमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली माझी घडी पडली आहे. बाकांवर बसून तुम्ही चिंचा खाता, चिंचोके माझ्यावर टाकता. टाका. पण मित्रांनो, आधी माझी गोष्ट ऐका. गोड नाही, हे आत्ताच सांगतो.

मी आपल्याच मुलखातल्या कापसाचा. आर्वीच्या बंडूजी शिंप्यानं मला मैदानात अंथरून, माझ्यावर मांडी घालून शिवलं. दोन एसट्या एकीवर एक उभ्या केल्या तरी झाकल्या जातील, एवढा मी मोठा. शिवून घेणारे भैयाजी तंबूतल्या सिनेमाचे मालक होते. वर्धा, पवनार, आर्वी, जिथं बाजार तिथं आमचा तंबू. लोक माझ्यापुढे बसत आणि मागेही बसत. मागून चित्र उलटं दिसे, म्हणून तिथलं तिकीट अर्धं. कोरड्या कापडातून पलीकडे नीट दिसत नाही, म्हणून खेळाआधी मला पाण्यानं भिजवावं लागे.

आर्वीत हे काम शकुबाईकडे होतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारायचा पंप पाठीला बांधून ती शिडीवर चढायची आणि मला न्हाऊ घालायची. मी वाळू लागलो की पुन्हा फवारा मारायचा, म्हणून खेळभर ती माझ्या मागेच बसून राही. तिला घरी माणूस कुणी नव्हतं. एक गोऱ्हा होता, चांद्या. त्याची माय साप चावून मेली, तेव्हा शकुबाईनं शेळीचं दूध बाटलीनं पाजून त्याला जगवलं. तो कुत्र्यासारखा तिच्या मागं मागं फिरायचा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, आर्वीच्या मुक्कामी, भैयाजींनी नागपूरहून एक माहितीपट आणला. परमुलखातले रानातले शेर, खरेखुरे, शिकार करणारे. माझ्यावर एकेका शेराचं तोंड बैलबंडीएवढं दिसायचं. पण त्यात ना गाणं, ना मारामारी. दुसऱ्याच दिवशी तंबू अर्धा रिकामा राहिला. मग भैयाजींच्या डोक्यात किडा वळवळला. माझ्यापुढे छातीएवढा मातीचा ओटा करायचा आणि त्यावर खुंटी ठोकून जितं जनावर बांधायचं.

"शकुबाई, बाजार हाये तोवर तुह्या गोऱ्ह्याले दे. नुसतं उभं राहाचं हाये. सरकीच्या ढेपीचं पोतं देतो त्याले खायाले," भैयाजी म्हणाले.

"त्याले काई होनार नाई ना, भैयाजी?"

"चित्रातला शेर खाते का वं? काऊन भेऊन राह्यली?"

सगळ्यांनाच ते पटलं. जनावराला चित्रातलं काय कळतं? चित्र कळत नसेल, मित्रांनो, डरकाळी कळते. ती कर्ण्याच्या चोंग्यातून फुटली की चांद्या ओट्यावर थरथर कापायचा, मुतायचा. त्याची सावली माझ्यावर पडायची, शेरांच्या मधोमध. लोक पोट धरधरून हसायचे. तंबू ओसंडून वाहू लागला. माझ्यासारखा पडदा जिल्ह्यात नाही, असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. चांद्यानं ढेपीला तोंड लावलं नाही.

"वैरन सोडली त्यानं. मी नेतो त्याले घरी," शकुबाई म्हणाली.

"आजच्या दिवस राहू दे. उद्या नेजो."

त्या संध्याकाळी भैयाजींनी आवाज वाढवायला सांगितलं. डरकाळी झाली आणि चांद्यानं ओट्यावरून उडी मारली. दावं आखूड होतं. त्याचे पाय जमिनीला टेकले नाहीत. तो माझ्यासमोर लटकला, लाथा झाडू लागला. त्याचं खूर मला लागत होतं. पुढचे लोक उभं राहून शिट्ट्या मारू लागले. मागच्यांना फक्त सावली दिसत होती. त्यांना वाटलं, शेरानं धरलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शकुबाईनं मात्र ती सावली ओळखली. "चांद्या," म्हणत ती धावली. मला खालून उचलायला गेली, पण मी चारी बाजूंनी बांबूंना दोरीनं करकचून आवळलेला. ती मला बुक्क्या मारू लागली. पुढच्यांना शेराच्या पोटातून मुठी बाहेर येताना दिसल्या. ते आणखी हसले.

"मशीन बंद करू का?" मशीनवरच्या तानबानं विचारलं.

"रीळ सरू दे. पब्लिक खुश हाये," भैयाजी म्हणाले.

सगळ्या कनातीला वळसा घालून, गर्दीतून ढकलत ती पुढे आली, तेव्हा माझ्यावरचे शेर जेवून आडवे झाले होते. तिनं दावं सोडलं. चांद्या तिच्या मांडीवर पडला, तो पुन्हा हलला नाही. मला तेव्हा फाटून जावंसं वाटलं. पण कापडाला कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी लोक तिकिटाआधी विचारत होते, आज गोऱ्हा आहे ना? होता. भैयाजींनी बाजारातून दुसरा आणला होता. "तुलेही एक घेऊन देतो, रडू नोको," असं शकुबाईला सांगून त्यांनी तिला पंप दिला.

तिनं मला रोजच्यासारखं भिजवलं, अगदी वरपासून खालपर्यंत. मग कमरेचा विळा काढून तिनं मला चिरलं. तिचा हात पोचत होता तिथपासून थेट जमिनीपर्यंत. भैयाजींच्या माणसांनी पंपाच्याच पट्ट्यानं तिला मारलं. लोक कडं करून बघत उभे राहिले. एकही जण मध्ये पडला नाही. ती कुठं गेली ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी खेळ झाला नाही, एवढं खरं.

पुढं तंबू विकला आणि मी या शाळेत आलो. आता तुमच्या प्रमोदिनीबाई म्हणतात, संमेलनासाठी जुना पडदा शिवून घेऊ. मित्रांनो, मला धुवा, उन्हात टाका, उंदरांपासून जपा. माझ्यावर हवी ती चित्रं दाखवा, हसा, टाळ्या वाजवा. फक्त ती चीर शिवू नका. त्यातून एक बाई पुढच्या बाजूला सहज जाऊ शकते.