वाचवलेल्या गोळ्या

“कातर खाली ठेव,” मी म्हणाले.

“एवढी थप्पी झाली की ठेवते.”

“ताई, तुझे दात वाजतायत. मला इथं मशिनीवर ऐकू येतंय.”

“मग मशीन जोरात चालव.”

कारखान्यातल्या बायका हसल्या. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन होतं आणि माझी थोरली बहीण खांद्यावर अस्तराचं कापड दुहेरी लपेटून कापायच्या टेबलाशी उभी होती. अंग हुडहुडत होतं, पण कातर खडूच्या रेघेवरून सूतभर हलत नव्हती. आमच्या धंद्यात कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. ताई चौथीनंतर शाळेत गेली नव्हती, पण या टेबलावर आली आणि मास्तरीण झाली. पुढे भावोजींपासून गल्लीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळे तिला मास्तरीणच म्हणायला लागले.

तिचं नाव झालं ते एकाच गोष्टीसाठी. ती कापड वाचवायची. बाही उलटी लाव, कॉलर कोपऱ्यात सरकव, खिसा तिरक्या तुकड्यातून काढ, असं करत करत ती दुसऱ्या मास्तराला न जमणारा एखादा जास्तीचा शर्ट त्याच कापडात बसवायची. टेबलाखाली पडलेल्या चिंध्या बघून मालक म्हणायचा, “मास्तरणीच्या चिंधीत मुंगीचा परकरसुद्धा व्हायचा नाही.” ताई यावर लाजायची. मला त्या माणसाचा तेव्हाही राग यायचा.

“मालक,” मी उठून म्हणाले, “हिला घरी जाऊ द्या. अंगात ताप आहे.”

“संध्याकाळी माल जायचाय गं,” तो म्हणाला. मग ताईकडे वळून अगदी मायेने, “गोळी घ्या ना एखादी.”

एखादी! जणू बडीशेप.

“घेतेच आहे,” ताई म्हणाली आणि मला म्हणाली, “माझी डबी दे गं.”

ती डबी म्हणजे बटणांची जुनी पत्र्याची डबी. त्यात चौकोनी तुकडे होते, चकचकीत, प्रत्येकात एक गोळी. ताईला गेल्या खेपेला हिवताप झाला तेव्हा दवाखान्यातून गोळ्यांची अख्खी पाकिटं मिळाली होती. सगळ्या संपवा, असं नर्सने दोनदा बजावलं होतं. ताईने सुरुवातीच्या गोळ्या घेतल्या, ताप उतरला, भूक लागली, आणि ती म्हणाली, “ताप गेला तर गोळ्या कशाला वाया घालवू?” मग तिने आपली कामाची कातर काढली. त्या कातरीने आमच्यापैकी कुणी कागद कापला तर पाठीत धपाटा बसायचा, कागदाने धार मरते म्हणून. पण साध्या कात्रीने ते पाकीट नीट कापलं जाईना, तेव्हा तिने स्वतःच नियम मोडला. एकेक गोळी सुटी केली, कडा सारख्या केल्या, आणि ज्या पट्टीवर औषधाचं नाव आणि तारीख होती ती पट्टी चिंधी म्हणून फेकून दिली.

त्यानंतर डबी भरतच गेली. भावोजींच्या उरलेल्या, माझ्या पोरीच्या उरलेल्या, मेडिकलवाल्याने कागदात बांधून दिलेल्या सुट्या. गल्लीत कुणाला थंडी वाजली की म्हणायचे, मास्तरणीकडे जा. ती दोन तुकडे काढून द्यायची, वर गरम पाणीही पाजायची. कुणाकडून काही घ्यायची नाही. माणसं दोन दिवसांत उठून कामाला लागायची, महिन्याभराने पुन्हा पडायची, पुन्हा तिच्याच दारात यायची. ती आनंदाने द्यायची. अशा बाईवर रागावणं फार अवघड असतं. मी आजतागायत रागावते आहे, तरी ते सोपं झालेलं नाही.

त्या दिवशी तिने दोन गोळ्या घेतल्या आणि थप्पी पुरी केली. माल गेला. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता.

“बघ,” ती मला म्हणाली, “उगीच डोकं खाल्लंस. दवाखान्यात गेले असते तर अख्खा दिवस गेला असता.”

“तिथं रक्त तपासलं असतं.”

“रक्तात काय, रक्तच असणार.”

त्याच्या पुढच्या दिवशी ती टेबलाशी उभी राहिली आणि खडूने कापडाच्या बाहेर, थेट लाकडावर रेघ मारायला लागली. मी हाक मारली. तिने माझ्याकडे बघितलं आणि आमची मेलेली आई समजून मला ओ दिली. मग खाली बसली, जशी दमलेली बाई बसते तशी, आणि आडवी झाली.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने माझ्या पोरीहून फार मोठी नसेल. डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. तिने ताईच्या पापण्या उलटून पाहिल्या, सुया टोचल्या, बाटली लावली. मग मला बाहेर बोलावलं.

“कोणत्या गोळ्या घेतल्यात यांनी?”

मी डबी उघडून दिली. तिने दोनचार तुकडे उलटेपालटे केले, उजेडात धरले.

“यांच्यावर नाव कुठंय?”

“कापलं.”

“का?”

याला मी काय उत्तर देणार? नीट दिसावं म्हणून? डबीत जास्त मावाव्यात म्हणून?

“यातली ही तर रक्तदाबाची आहे,” ती म्हणाली. “आणि या हिवतापाच्या दिसतायत, पण जुन्या. या वस्तीतून येणाऱ्यांना ही गोळी आता लागूच पडत नाही. तुम्ही लोक दोन घेता आणि ठेवून देता. हिवताप अर्धा मरतो, उरलेला शहाणा होतो. त्याला ही गोळी पाठ झालीय, बाई. आता नवी आहे ती पण अशीच पाठ करून द्या त्याला. मग माझ्याकडे या आणि मी हात जोडते.”

माझं डोकं फिरलं.

“आम्ही लोक?” मी म्हणाले. “मेडिकलवाला विचारतो का, कशाला हवीय, किती हव्यात? मालक सुट्टी देतो का? तुमच्या दारातली रांग बघितलीय का कधी बाहेर उभं राहून? हिने एक गोळी चोरली नाही कुणाची. वाचवल्या तिने, वाचवल्या!”

डॉक्टरिणीने डबीचं झाकण लावलं आणि माझ्या हातात दिली.

“कुणाला वाचवलं?” तिने हळूच विचारलं. टोचून नव्हतं विचारलं. तिला खरंच राग आला होता, आणि तो माझ्यासारखाच कुठं ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

संध्याकाळी ताईला थोडी शुद्ध आली. मी वाकले. ती अंगातल्या दवाखान्याच्या झग्याची काख चिमटीत धरून बघत होती.

“कुणी कापलाय गं हा?” ती पुटपुटली. “इथं केवढं कापड घालवलंय.”

“तू बरी हो, आपण त्याला बघू.”

“डबी कुठंय?”

“आहे माझ्याकडे.”

“शेजारणीचा पोरगा तापलाय. त्याला दे दोन.”

मी हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, ही आणखी एक चीड. सकाळ व्हायच्या आत ती गेली.

अख्खी गल्ली रडली. शेजारीण तर ऊर बडवून रडली, तिच्या पोराला मी डबीतलं काही दिलं नव्हतं, उचलून दवाखान्यात नेलं होतं, तो बरा होता. मेडिकलवाला आला, हळहळला. मालक हार घेऊन आला आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, सोमवारपासून टेबलावर तू उभी राहा, तुझा हात तिच्यासारखाच आहे. मी त्याच्या हारासकट त्याला हाकलायला हवं होतं. सोमवारी मी टेबलावर उभी राहिले.

पुढच्याच महिन्यात भावोजींना थंडी भरली. मी त्यांना हाताला धरून नेलं, रांगेत बसवलं, रक्त द्यायला लावलं, नव्या गोळ्यांचं पाकीट घेऊन घरी आणलं. ताप लवकर उतरला. त्या संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले तर भावोजी खाटेवर बसलेले, एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात ताईची कातर. डबी उघडून शेजारी ठेवलेली. आतले जुने तुकडे मी कधीच चुलीत घातले होते. रिकामी डबी मात्र माझ्याने टाकवली नव्हती.

“ताप गेला,” ते म्हणाले. “या उरल्यात. तिने ठेवल्या असत्या.”

“आणा इकडे ती कातर.”

“रागावू नकोस गं. तिची सवय होती. घरात तिचं काहीतरी चालू राहू दे म्हणून…”

“भावोजी, कातर द्या.”

त्यांनी दिली. मी पेल्यात पाणी ओतलं आणि आजची राहिलेली गोळी पाकिटातून फोडून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“गिळा. उद्याची उद्या, परवाची परवा. पाकीट रिकामं होईस्तोवर मी रोज येणार आहे. या घरात आता काही वाचवायचं नाही.”

त्यांनी गोळी तोंडात टाकली. पाणी प्यायले. मग त्या म्हाताऱ्या माणसाने लहान पोरासारखं तोंड उघडून मला दाखवलं, गेली म्हणून, आणि तसंच उघडं तोंड ठेवून रडायला लागले. मी तिथंच उभी राहिले. भाकरी गार झाली.

पाकीट संपल्यावर कातर मी कारखान्यात नेली. इतके दिवस मी मालकाची दुसरी वापरत होते. खडूने रेघ मारली, कापड ताणलं, कातर लावली. पहिली वीतभर पाण्यासारखी गेली. मग पात्याच्या मधोमध कापड अडकलं. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच अडकलं. मी बोट फिरवून पाहिलं. जिथं तिने ती पाकिटं कापली होती, तिथंच धार मेली होती.

कापड खेचलं गेलं आणि बाही वाकडी कापली गेली. ताई असती तर त्यातून एक कॉलर काढली असती, एक खिसा तरी काढलाच असता. मी तो तुकडा गोळा केला आणि टेबलाखाली टाकला.